जुन्या गाडीत चांगला साउंड बसवायचाय? पत्र्याला हात न लावता करायचा कामाचा क्रम

पद्मिनी, अँबेसिडर, हेराल्ड, कॉन्टेसा, कुठलीही जुनी गाडी घ्या, साउंडचं काम बहुतेकांचं एकाच पद्धतीने बिघडतं. आधी दुकानात जाऊन टेप आणि स्पीकर घेतले जातात. मग ते बसवायला जागा शोधली जाते. जागा मिळाली नाही की पत्रा कापला जातो. गाणी लागली आणि मागून घरघर यायला लागली की सगळ्यात शेवटी बॅटरी आणि ती चार्ज करणाऱ्या डायनॅमोकडे लक्ष जातं. हा क्रम बरोबर उलटा करायला हवा: आधी करंट, मग जागा, मग वायर, आणि आवाज सगळ्यात शेवटी.

हे मी आमच्या घरच्या गाडीवरून सांगतोय. वडिलांच्या पद्मिनीत एका दुकानदाराने टेप बसवून दिला होता. मी लहान होतो, पण तो आवाज अजून कानात आहे. डॅशबोर्डच्या पत्र्यात करवतीचं पातं घुसलं, पातं अडकलं तसा पत्रा थरथरला, आणि कापलेला तुकडा पायाशी पडला. कडा वाकड्यातिकड्या होत्या. त्यावर प्लास्टिकची फ्रेम दाबली आणि काम झालं म्हणाला. दोन पावसाळ्यांत फ्रेमच्या मागे कडेने गंज धरला. पुढे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा जोडून घेतला, रंग मारून घेतला. पण उन्हात गाडी उभी केली की त्या जागेचा रंग आजही वेगळा दिसतो.

तेव्हापासून प्रत्येक गोष्ट बसवताना मी एकच प्रश्न विचारतो: उद्या हे काढलं तर खूण राहील का? राहणार असेल तर ती पद्धत सोडायची आणि दुसरी शोधायची. खाली जे काही लिहिलंय ते या प्रश्नावर घासून घेतलेलं आहे.

कामासाठी दोन सुट्टीचे दिवस ठेवा आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत करा. जुलैतल्या कोल्हापूरच्या झडीत सीट, मॅटिंग आणि दरवाज्यांचे पॅड काढून ठेवले तर ते वाळत नाहीत. पुठ्ठ्याचे पॅड एकदा फुगले की पुन्हा सरळ होत नाहीत.

१. व्होल्ट आणि अर्थ: पहिली दहा मिनिटं

बॉनेट उघडा. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते डोळ्यांनी बघा. मायनस बॉडीला असेल तर ठीक. आजची सगळी यंत्रं त्याच पद्धतीची असतात. पण जुन्या ब्रिटिश घाटाच्या काही गाड्यांत प्लस बॉडीला असतो. अशा गाडीत नवा टेप धातूच्या पट्टीवर बसवला की त्याचं बाहेरचं कव्हर, जे मायनसला जोडलेलं असतं, ते प्लसच्या बॉडीला टेकतं. सरळ शॉर्ट होतो.

प्लस अर्थ, म्हणजे प्लस बॉडीला, असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, गाडीला हात न लावता साउंडसाठी वेगळी छोटी बॅटरी सीटखाली ठेवायची आणि ती घरी चार्ज करायची. दुसरा, गाडी मायनस अर्थवर आणायची. त्यासाठी बॅटरीची टोकं बदलायची, इग्निशन कॉईलच्या दोन बारीक वायरी उलट करायच्या, अँपिअर मीटर असेल तर त्याच्या वायरी उलट करायच्या, आणि डायनॅमोला नवी दिशा द्यायची. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या डायनॅमोत ही दिशा अशी देतात: डायनॅमोवरच्या दोन्ही वायरी काढायच्या, बॅटरीच्या प्लसवरून आणलेली वायर ‘एफ’ टर्मिनलला दोन-तीनदा फक्त क्षणभर टेकवायची, आणि मग वायरी परत जोडायच्या. हे इंजिन चालू करण्याआधी करायचं. ज्याने हे आधी केलंय अशा जुन्या मिस्त्रीला शेजारी उभं करा.

काही जुन्या जीप सहा व्होल्टच्या आहेत. तिथे बारा व्होल्टचं सामान थेट लावू नका. वेगळी बॅटरी हाच सोपा मार्ग.

सावधान: डायनॅमोऐवजी अल्टरनेटर (त्याच कामाचं नवं यंत्र) बसवलेल्या गाडीत बॅटरीची टोकं चुकून उलटी टेकली तरी आतले डायोड जातात. टोकांना लाल आणि काळी पट्टी बांधून ठेवा.

२. चार्जिंगचा हिशेब

आमच्याकडे जुन्या गाड्या बघणारे एक वयस्क इलेक्ट्रिशियन आहेत. मी ॲम्पचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा, डबा घेऊन गेलो तर त्यांनी डब्याकडे बघितलंही नाही. “दादा, गाडी चार्ज करत्या का बघा आधी. मग गाणी ऐकूया.”

मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली. मग इंजिन चालू करून रेस द्या. अल्टरनेटर असेल तर १३.८ ते १४.४ दिसेल. आता हेडलाइट आणि वायपर चालू करा, इंजिन आयडलवर सोडा आणि पुन्हा वाचा. डायनॅमोच्या गाडीत इथे आकडा खाली येतो आणि चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. हा बिघाड नव्हे. डायनॅमो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही.

आता कागद-पेन घ्या. लुकासचा नेहमीचा डायनॅमो पूर्ण वेगात साधारण २२ अँपिअर देतो. दोन हेडलाइट ९-१० अँपिअर खातात, इग्निशन ३-४, वायपर ३-४, मागचे आणि डॅशचे दिवे मिळून २. म्हणजे पावसाळ्यातल्या रात्री पन्हाळ्याहून खाली उतरताना साउंडसाठी उरतात तीन-चार अँपिअर. तेवढ्यात काय बसतं? टेपमधल्या अंगच्या ॲम्पवर चार स्पीकर, मध्यम आवाजात, आरामात. दिवसा, हेडलाइट बंद असताना, छोटा चार चॅनेलचा क्लास-डी (कमी करंट खाणारा) ॲम्पही चालतो. मोठा सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर) चालणार नाही, आणि कोणी चालेल म्हणालं तर त्याला हाच कागद दाखवा.

डब्यावर लिहिलेल्या वॉटवर जाऊ नका. यंत्राच्या मागचा फ्यूज बघा. टेपवर ‘४ गुणिले ५०’, म्हणजे २०० वॉट, असं छापलेलं असतं आणि मागे फ्यूज असतो १० अँपिअरचा. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॉट. एवढंच आत जाऊ शकतं. बाहेर येणार त्याहून कमीच. फ्यूजचा आकडा खोटं बोलत नाही.

चार्जिंग कमी पडत असेल तर अल्टरनेटर बसवता येतो. पण तो डायनॅमोच्याच बोल्टवर येणाऱ्या ब्रॅकेटवर बसवा. उद्यमनगरात असा ब्रॅकेट मापावर करून मिळतो. इंजिनवर वेल्डिंग किंवा नवं भोक पाडायला लावू नका. काढलेला डायनॅमो आणि कटआऊट (त्याचं चार्जिंग ताब्यात ठेवणारा डबा) तेल लावून, कापडात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून ठेवा.

तपासा: पुढे जाण्याआधी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थ पट्टी बघा. जुन्या गाड्यांत ती कुजलेली किंवा तुटलेली असते. ती नसेल तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट दुसरा रस्ता शोधतो: कधी चोकची केबल, कधी तुमच्या नव्या ॲम्पची बारीक अर्थ. मग सेल्फ मारताच ती वायर लाल होते. नवी पट्टी दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. ती आज बदला.

३. जागा: कापायचं नाही, लोंबवायचं किंवा लपवायचं

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात येते. टेप लावल्याने कोणी नोंदणी नाकारेल असं नाही. पण कापलेला डॅश आणि भोकं पाडलेले दरवाजे घेऊन मूळ रूपाचा दावा करायला आपल्यालाच अवघड वाटतं. विकताना गिऱ्हाईक तर पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतं.

मूळ रेडिओ असेल तर तो जागेवरच राहू द्या, चालत असो वा नसो. चालत असेल तर एक लक्षात ठेवा: त्याचा स्पीकर काढून टाकून तो चालू करू नका, लोडशिवाय चालवल्यावर काही जुन्या रेडिओंचा आतला भाग जळतो. आणि त्याला नवे स्पीकर जोडायच्या फंदात पडू नका.

नवं यंत्र तीन ठिकाणी बसू शकतं. डॅशच्या खाली, पार्सल ट्रेच्या किंवा पट्टीच्या आधीच असलेल्या स्क्रूवर एल पट्टी लावून लोंबवायचं. ग्लोव्ह बॉक्समध्ये फळीवर ठेवून वायरी मागच्या फटीतून घ्यायच्या. किंवा, माझ्या मते सगळ्यात चांगलं, टेपच घ्यायचा नाही: पुढच्या सीटखाली ब्लूटूथवाला छोटा ॲम्प, फोनवरून गाणी, आणि आवाज कमी-जास्त करायला वायरवरचं एक बटन स्टिअरिंगच्या खाली. बाहेरून गाडी जशी होती तशी दिसते. चोरी होण्यासारखंही काही दिसत नाही.

सीटखाली ॲम्प ठेवायचा तर त्याला जमिनीवर टेकवू नका. बारा मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा सीटच्या मूळ बोल्टवर पकडा आणि त्याखाली इंचभर मोकळी जागा सोडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या फ्लोअरवर पाणी चढलं; पण पूर नसला तरी पावसात पायाबरोबर आलेलं पाणी मॅटखाली आठवडाभर राहतं. ॲम्पच्या पंख्यांसारख्या कडांवर सीट कव्हर लोंबत नाही ना ते बघा, गरम हवा जायला वाट लागते.

एफएमसाठी मडगार्डला भोक पाडून एरियल लावायची गरज नाही. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबी भरते साधारण ७५ सेंटिमीटर. तेवढी वायर पुढच्या काचेच्या रबराच्या आतल्या कडेने उभी फिरवली तरी शहरात आकाशवाणी स्वच्छ लागते. घाटात ती कमी पडेल, तिथे फोनवरची गाणी लावा.

तपासा: पुठ्ठा कापून यंत्राचा खोटा आकार करा आणि जागेवर धरा. गिअरचा दांडा सगळ्या गिअरांत फिरवा, हँडब्रेक ओढा, क्लच-ब्रेक दाबा, सीट पुढे-मागे करा. हे पाच मिनिटांचं काम टाळणाऱ्यांचे ब्रॅकेट दोनदा होतात.

४. खरेदी

इथे फार वेळ घालवू नका. तीनच गोष्टी महत्त्वाच्या.

स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. ९० डेसिबलचा स्पीकर ८७ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा अर्ध्या पॉवरवर तेवढाच मोठा वाजतो. आपल्याकडे अँपिअर मोजके असल्यामुळे हा आकडा ब्रँडपेक्षा मोठा.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण ती त्याच जाडीत कमी करंट वाहते आणि टर्मिनलपाशी ढिली पडते. नखाने किंवा ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत द्या.

प्लाय वॉटरप्रूफच. एमडीएफचा स्पीकर बॉक्स पहिल्याच पावसाळ्यात पावासारखा फुगतो.

५. वायरिंग

पहिलं काम: बॅटरीचं अर्थचं टोक काढा आणि कापड गुंडाळून बाजूला करा. काम संपेपर्यंत ते परत लागणार नाही.

मुख्य लाइन थेट बॅटरीच्या प्लसवरून घ्या. इग्निशन कॉईलची वायर, हेडलाइटचा स्विच, हॉर्नची वायर, यातलं काहीही कापून किंवा सोलून करंट घेऊ नका. कापडी विणीच्या जुन्या वायरींचं रबर आतून बिस्किटासारखं झालेलं असतं. एक वायर ओढली की शेजारच्या चार उघड्या पडतात. शिवाय लुकास वायरिंगच्या जुन्या गाड्यांत फ्यूज दोनच, तेही ३५ अँपिअरचे. टेपची बारीक वायर जळून राख होईल, तो फ्यूज जागचा हलणार नाही.

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर हवा. हा फ्यूज यंत्रासाठी नाही, वायरसाठी आहे. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामध्ये वायर पत्र्यावर घासली तर तिला थांबवणारं काही नसतं, म्हणून तो तुकडा जेवढा आखूड तेवढं बरं. फक्त टेप असेल तर १० अँपिअर, छोटा ॲम्प असेल तर २० किंवा यंत्राच्या पुस्तकात असेल तो.

जाडी किती घ्यायची याचा हिशेब सोपा आहे. चार चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या वायरमध्ये १५ अँपिअरला साधारण ०.३ व्होल्ट पडतात. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर अर्धा व्होल्ट. एकट्या टेपला अडीच पुरे, ॲम्पला चार किंवा सहा.

इंजिनाच्या बाजूने आत यायला नवं भोक नको. स्पीडोमीटरची केबल, चोकची केबल, हीटरचा बंद केलेला मार्ग, यांतला कुठला तरी रस्ता असतोच. तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचं कडं) कडक झालेलं असेल तर नवं घाला. वायरला त्या जागी जाड स्लीव्ह चढवा. आत आल्यावर ती दरवाज्याच्या कडेच्या पट्टीखालून मागे न्या. ॲम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबल मात्र गाडीच्या दुसऱ्या बाजूने. दोन्ही शेजारी टाकल्या की घरघर घरी बोलावली म्हणून समजा.

चालू-बंद करण्यासाठी रिले लावा, म्हणजे बारीक करंटने मोठी लाइन जोडणारा स्विच. ३० नंबरला फ्यूजवरून आलेली लाइन, ८७ वरून यंत्राला, ८५ अर्थला, आणि ८६ ला किल्ली फिरवल्यावर करंट येणारी एक बारीक वायर. ही बारीक वायर फ्यूज बॉक्सवरच्या किल्लीच्या बाजूच्या टर्मिनलला थिम्बल (वायरवर दाबायचं धातूचं टोक) लावून जोडायची, तिच्या वाटेतही दोन-तीन अँपिअरचा छोटा फ्यूज घालायचा. जुन्या वायरिंगवर मग रिलेच्या कॉईलचा तेवढा भार येतो, अँपिअरच्या पाचव्या भागाइतका. टेपला स्टेशन लक्षात ठेवायला पिवळी वायर कायम चालू लागते, ती फ्यूजच्या पुढून पण रिलेच्या आधी घ्या. टेपची लाल वायर ८७ ला, काळी अर्थला. निळी-पांढरी वायर ॲम्पला जागं करणारी, तिला कधीही दुसरं काही जोडू नका.

डॅशवर अँपिअर मीटर असलेल्या गाडीत एक गंमत दिसेल: बॅटरीवरून थेट घेतलेला भार मीटरमधून जात नाही, त्यामुळे ॲम्प खातोय तो करंट मीटरवर चार्जिंग म्हणून दिसतो. काटा प्लसकडे बघून निश्चिंत राहू नका. अशा गाडीत छोटं व्होल्टमीटर जास्त खरं सांगतं.

जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत त्या पट्टीचा डिंक वितळतो आणि ती सुटते. थिम्बल पक्कडीने नव्हे, थिम्बल दाबायच्या प्लायरने दाबा, ओढून बघा, वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. वायरींच्या जुडीला बाहेरून कापडी टेप लावलात तर जुन्या गाडीला शोभतंही.

६. अर्थ

साउंडच्या निम्म्या तक्रारी इथे संपतात. सीटखालचा कुठलाही स्क्रू पकडून अर्थ देऊ नका. त्याखाली रंग, प्रायमर आणि डांबर असतं. ॲम्पची अर्थ जाड वायरने थेट तिथे न्या जिथे बॅटरीची अर्थ पट्टी बॉडीला बोल्ट केलेली आहे. पत्रा खरवडायची गरजच राहत नाही, कारण ती जागा मुळातच उघड्या धातूची आहे. बोल्ट काढून दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने स्वच्छ करा, दाते असलेला वॉशर घाला, घट्ट करा, वरून व्हॅसलिन लावा. टेप आणि ॲम्प दोघांची अर्थ एकाच बोल्टवर.

७. स्पीकर

दरवाजे मोह घालतात. त्या सपाट पुठ्ठ्याकडे बघून वाटतं, एवढं गोल कापलं की झालं. पण दरवाज्याच्या आत काचेच्या फटीतून पाणी रोज उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. तिथे कागदी कोनाचा स्पीकर म्हणजे पाण्याच्या वाटेत ठेवलेला पापड. आणि कापलेला पॅड पुन्हा मिळत नाही.

पुढे, पाय ठेवतो त्या जागेच्या बाहेरच्या कोपऱ्यात, प्लायचे दोन पाचरीसारखे बॉक्स करून घ्या, तोंड किंचित वर आणि आत वळवलेलं. ते तिथल्या मूळ ट्रिमच्या स्क्रूवर पकडा. चार किंवा सव्वापाच इंची स्पीकर बसतो. क्लचच्या बाजूचा बॉक्स पायाला लागत नाही ना, बूट घालून बघा.

मागे, पार्सल शेल्फचा मूळ हार्डबोर्ड काढून वर माळ्यावर ठेवा. त्याच्यावरच पेन्सिल फिरवून नऊ किंवा बारा मिलिमीटर प्लायचा तसाच तुकडा कापा, अंडाकृती सहा-नऊचे (सहा बाय नऊ इंची) स्पीकर त्यात बसवा आणि वरून गाडीच्या सीटशी जुळणारं रेक्झिन किंवा सच्छिद्र कापड ताणून लावा.

बेस कमी येतो म्हणून लोक मोठा ॲम्प घेतात. खरं कारण बहुधा वेगळं असतं. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे हवा ओढतो. पुढची आणि मागची हवा फटीतून एकमेकींत मिसळली की बेस तिथेच मरतो. शेल्फच्या कडा, मागच्या सीटच्या पाठीमागची मोकळी जागा, सगळीकडे फोमची पट्टी दाबून बसवा. डिकी हीच मग स्पीकरची पेटी होते. आमच्या गाडीत मी फक्त ही पट्टी लावली, ॲम्पला हात लावला नाही. त्याच गाण्यातला ढोलकीचा धुम अंगाला जाणवायला लागला.

फ्लोअरवर डांबरी किंवा ब्युटाइलचे चिकट मॅट लावून आवाज मारायचा विचार असेल तर थांबा. ते पुन्हा निघत नाहीत, आणि त्यांच्या कडेने आत गेलेलं पाणी पत्रा खालून खात राहतं. सुटा जाड नमदा किंवा पाणी न पिणारा फोम मॅटखाली अंथरा, पावसाळ्यात उचलून वाळवा.

तपासा: जोडण्याआधी प्रत्येक स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला तर कोन बाहेर यायला हवा. एक जरी उलटा जोडला गेला तरी आवाज पोकळ येतो आणि माणूस महिनाभर इक्वलायझर फिरवत बसतो. टेपच्या वायरींत पांढरी जोडी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली मायनस. यातली कुठलीही वायर बॉडीला टेकता कामा नये.

८. पहिल्यांदा करंट देताना

फ्यूज लगेच घालू नका. फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा आणि मग बॅटरीचं अर्थ लावा. बल्ब विझलेला राहायला हवा, किंवा क्षणभर चमकून विझायला हवा. ती चमक यंत्रातले कपॅसिटर भरल्याची. बल्ब लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुम्ही तो वायर न जाळता शोधलात. अर्थ काढा, एकेक जोड सोडवत जा, बल्ब कुठे विझतो ते बघा. सगळं ठीक असेल तेव्हाच फ्यूज.

मग गाणं लावून मीटरची एक तार ॲम्पच्या मायनसवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर धरा. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थचा बोल्ट पुन्हा साफ करा.

९. घरघर आणि टिकटिक

इंजिन बंद असताना स्वच्छ, चालू केलं की आवाज: जुन्या गाडीत हे जवळजवळ ठरलेलं. ऐकून ओळखा. रेसबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे चार्जिंग किंवा अर्थ. रेसबरोबर जलद होणारी टिकटिक म्हणजे प्लगची ठिणगी. हॉर्न किंवा वायपरबरोबर येणारी खरखर त्या मोटरची.

आधी टेपचा आवाज शून्य करा. तरी घरघर राहिली तर ती टेपच्या पुढे, म्हणजे आरसीए केबल किंवा ॲम्पमध्ये शिरतेय. केबलचा रस्ता बदला, अर्थ बघा.

टिकटिकीसाठी तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरींवर साधारण पाच किलोओहमच्या सप्रेसर (खरखर दाबणाऱ्या) टोप्या लावा. कॉईलच्या किल्लीकडून करंट येणाऱ्या टर्मिनलवर रेडिओचा सप्रेसर कंडेन्सर लावा. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर मुळीच नको, पॉइंटांची ठिणगी बिघडते आणि गाडी मिसिंग करते. डायनॅमोवर कंडेन्सर लावायचा तर मोठ्या ‘डी’ टर्मिनलवर. ‘एफ’वर कधीच नाही; रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

बाजारात घरघर घालवणारे फिल्टर मिळतात. ते शेवटी. आधी लावले तर खराब अर्थ झाकली जाते, आणि ती खराब अर्थ हेडलाइटही मंद करत असते.

१०. आवाज बसवणे

इक्वलायझर सपाट ठेवा, बेस बूस्ट बंद. ओळखीचं गाणं लावा, टेपचा आवाज तीन चतुर्थांश, आणि ॲम्पचा गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. गायकाचा स किंवा तबल्याची थाप फाटायला लागली की तिथून थोडा मागे घ्या. गेन हा आवाजाचा नॉब नाही. तो दोन यंत्रांची पट्टी जुळवतो. पुढच्या चार इंची स्पीकरना १२० हर्ट्झच्या खालचा बेस देऊ नका, मागच्या सहा-नऊंना ८० च्या खालचा. एवढं केलं की ॲम्प थंड राहतो आणि डायनॅमोचाही भार उतरतो.

गाडी उभी करून हे जुळवल्यावर रंकाळ्याभोवती एक फेरी मारा, काचा उघड्या ठेवून. बंद खोलीत गोड वाटलेला आवाज इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात वेगळा लागतो. बदल तेव्हा करा, एका वेळी एकच.

११. आठवड्याने, आणि पावसाळ्यानंतर

पहिल्या आठवड्यानंतर अर्ध्या तासाच्या प्रवासावरून आल्या आल्या फ्यूज होल्डर, रिले आणि अर्थचा बोल्ट हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर जोड ढिला आहे.

रात्री सगळं बंद करून, किल्ली काढून, बॅटरीच्या मायनसची वायर काढून टोक आणि वायर यांच्यामध्ये मीटर करंटवर लावा. ५० मिलिअँपिअरच्या खाली हवं. पण जुनी गाडी रोज निघत नाही. ५० मिलिअँपिअर वीस दिवसांत २४ अँपिअर-तास खातात, म्हणजे ४५ ची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी. टर्मिनलवर नुसता आवळायचा कटऑफ स्विच मिळतो, तो लावा आणि गाडी झाकताना फिरवा.

दसऱ्याच्या आधी गाडी धुवायला काढाल तेव्हा सीट उचलून ॲम्पखालचा प्लाय, मॅटखालचा नमदा आणि पाचरीच्या बॉक्सचे तळ ओले नाहीत ना ते बघा. त्याच दिवशी माळ्यावरचं खोकं उघडा: मूळ शेल्फ, काढलेले स्क्रू, डायनॅमो, प्रत्येकावर कुठून काढलं ते लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीची शाई पुसट झाली असेल तर पुन्हा लिहा.